१८ इंची ब्रेकर बार आणि हेक्स गोटी: इंजिनाचा जाम बोल्ट सोडवून मग लिहिलेला रिव्ह्यू

सरळ सांगतो, घरी गाडीचं थोडंफार काम करत असाल तर १/२ इंची ड्राइव्हचा (म्हणजे गोटी जिच्यावर बसते तो चौकोनी खुंट १/२ इंची) १८ इंची ब्रेकर बार, म्हणजे जाम बोल्ट सोडवायचा लांब दांडा, आणि त्याच्यावर बसणाऱ्या चांगल्या हेक्स गोट्या, म्हणजे आत सहा कोपरे असलेले सॉकेट, घेऊनच ठेवा. मी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून घेतला, बार हजाराच्या आत पडला आणि गोट्या टपारिया कंपनीच्या सुट्या घेतल्या. बारावर कुठल्या मोठ्या कंपनीचं नाव नाही, नुसतं क्रोम व्हॅनेडियम (पोलादाचा प्रकार) कोरलंय, त्यामुळे हा रिव्ह्यू एका ब्रँडचा नाही तर या प्रकारच्या हत्याराचा आहे असं समजा.

आमची गाडी जुनी, पहिल्या मॉडेलची वॅगन आर. अलिबागला समुद्र जवळ आणि गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने खालचा प्रत्येक नट-बोल्ट तांबडा झालेला. सकाळी स्टार्ट केली की अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) बेल्ट चिरकायचा, ताण दिला तरी दोन दिवसांत परत तेच, शेवटी बेल्टच बदलायचा ठरवला. आता या गाडीत बेल्ट काढायचा म्हणजे अल्टरनेटर ढिला करून इंजिनाकडे ढकलायचा, वर एक ॲडजस्टिंगचा बोल्ट आणि खाली एक लांब बोल्ट ज्याच्यावर अल्टरनेटर फिरतो. वरचा रिंग पान्याने लगेच आला. खालचा हलेना. १४ मिलिमीटर डोक्याचा बोल्ट, म्हणजे आत एम १० चे, १० मिलिमीटर जाडीचे आटे, तो लोखंडी आणि अल्टरनेटरची बॉडी ॲल्युमिनियमची. हे दोन धातू एकमेकांना चिकटून बसले आणि मध्ये खारं पाणी गेलं की नुसता गंज नाही चढत, ॲल्युमिनियमसुद्धा खाल्लं जातं आणि त्याची पांढरी पावडर फटीत गच्च बसते, बोल्ट जणू सिमेंटात रोवल्यासारखा.

आधी घरात होता तो एक स्वस्त सेट लावला होता, कुठला ते लिहीत नाही. त्यातल्या गोट्या बारा पॉइंटच्या, म्हणजे आत बारा कोपरे असलेल्या. जोर लावला आणि गोटी किंचित घसरली, टॉर्च मारून बघितलं तर हेडचे कोपरे चमकत होते. हे चमकणं फार महत्त्वाचं लक्षण आहे, कोपरा चमकला म्हणजे धातू घासला गेला, अजून एकदोनदा असं झालं की हेड गोल, आणि मग छिन्नी, वेल्डिंग, ड्रिल असले सगळे उद्योग मागे लागतात. बारा पॉइंटची गोटी बोल्टच्या कोपऱ्यालाच धरते, हेक्स गोटी सपाट बाजूवर बसते, त्यामुळे नवा बोल्ट असेल तर कुठलीही चालते पण गंजलेल्या बोल्टवर फक्त हेक्स. मी तर म्हणेन पैसे कमी असतील तर बार स्वस्तातला घ्या पण गोटी चांगली घ्या, कारण बार वाकला तर नवीन मिळतो, बोल्टचं हेड गेलं की इंजिनाच्या पोटात हात घालून बसावं लागतं.

गोटीचा साइज पण बघून घ्या. मारुती, होंडा, टोयोटा या जपानी वळणाच्या गाड्यांत एम ६ ला १०, एम ८ ला १२, एम १० ला १४ आणि एम १२ ला १७ असं साधारण असतं. इतर गाड्यांत एम ८ ला १३ पण सापडतो. १२ च्या हेडवर १३ ची गोटी "बसतेय की" म्हणून चढवू नका, गंज चढलेल्या हेडवर ती बसल्यासारखीच वाटते. आधी तारेच्या ब्रशने हेड साफ करा, मग गोटी हलक्या हाताने ठोकून शेवटपर्यंत बसवा.

आता बार. लांबी १८ इंच म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर, डोकं मागेपुढे हलतं, आत रॅचेटचे दाते वगैरे काही नाही, आणि हाच त्याचा गुण. रॅचेट म्हणजे एकाच दिशेला पकडणारं, टकटक वाजणारं हँडल, त्याच्या आत बारीक दाते असतात, जाम बोल्टवर जोर टाकला की तेच आधी जातात. हिशोब साधा आहे, २० किलोचा जोर २५ सेंटीमीटरच्या रॅचेटवर लावला तर ५ (किलो गुणिले मीटर), म्हणजे पिळायचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो ४९ न्यूटन-मीटरच्या आसपास, तोच जोर या बारावर ९, म्हणजे जवळजवळ ८८ न्यूटन-मीटर. एम १० चा ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा आकडा) बोल्ट साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो, गंजला की सुटायला त्याहून बराच जास्त जोर लागतो, म्हणजे रॅचेट जिथे संपतं तिथून हा बार सुरू होतो. हाताला पण फरक कळतो, दात-ओठ खात झटका मारायला लागत नाही, सावकाश वजन टाकत जाता येतं.

पण याच कारणाने एम ६ आणि एम ८ वर हा बार लावू नका! एम ८ ची आवळणीच साधारण २५ न्यूटन-मीटर, एम ६ ची १० च्या आसपास, तिथे ४५ सेंटीमीटरचा बार म्हणजे बोल्ट तुटलाच म्हणून समजा, आणि हेड तुटून आटे आत राहिले की तो वेगळाच ताप. लहान बोल्टला ३/८ ड्राइव्हचा छोटा बार घ्या किंवा रिंग पाना बरा.

नुसत्या बाराने आमचाही बोल्ट सुटला नसता, तेलाला श्रेय द्यायलाच पाहिजे. आपल्याकडे डब्ल्यूडी-४० म्हणजेच गंजाचं औषध असा समज आहे. ते १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झालं, मुळात पाणी हटवून गंज चढू नये म्हणून. हलक्या गंजाला नेहमीचा निळा-पिवळा डबा चालतो, पण फटीत घुसून जाम सोडवायला त्याच कंपनीच्या स्पेशालिस्ट रेंजमधलं पेनेट्रंट वेगळं मिळतं, मी तेच वापरलं. संध्याकाळी मारलं, रात्रभर ठेवलं, सकाळी परत मारलं. घाई करणाऱ्यांचं इथेच बिनसतं, दहा मिनिटांत तेल आट्यांत पोचत नाही. नळी लावून बोल्टच्या मुळाशीच थेंब सोडा, अल्टरनेटरच्या जाळीत फवारा जाता कामा नये आणि बेल्ट बदलणार नसाल तर त्याच्यावर फडकं टाका, तेल लागलेला बेल्ट घसरतो आणि रबर पण खराब होतं.

शेजारचे काका जहाजाच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेत, ते कुंपणापाशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "अरे, सोडवतोस कशाला, आधी आवळून बघ." मी म्हटलं, "काका, अजून आवळला तर तुटेल ना?" तर म्हणे, "केसभर रे, त्याची झोप मोडायची फक्त." आणि खरंच, हातोडीने हेडवर चारपाच सरळ टोले दिले, बार आवळायच्या दिशेला अगदी थोडा दाबला, मग उलटा ओढला, आणि कट्ट! सुका, टणक आवाज, बंदुकीचा चाप ओढावा तसा. तो आवाज आला की निम्मं काम झालं. त्यानंतर एकदम सोडवत सुटायचं नाही, पाव आटा मागे, थोडा पुढे, परत तेल, परत मागे, कारण निघालेला गंज आट्यांत अडकला की बोल्ट अर्ध्यात पुन्हा धरतो. बाहेर आला तेव्हा टोकाकडे तांबडा गंज आणि मध्ये जिथे ॲल्युमिनियम होतं तिथे पांढरा थर, नखाने खरवडला तरी निघेना.

या बारावर हाताला अजून एक गोष्ट फार छान कळते. बोल्ट सुटतो तेव्हा झटका आणि आवाज असतो. बोल्ट तुटायच्या बेतात असतो तेव्हा आवाज येत नाही, बार मऊ लागतो, रबर पिळल्यासारखा हळूहळू येतो. असं वाटलं की तिथल्या तिथे थांबा आणि परत तेल-ठोकाठोकीवर या, नाहीतर उष्णता द्या. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं म्हणून आजूबाजूची बॉडी गरम केली की बोल्टची पकड सुटते, पण गॅसची बत्ती इंजिनापाशी मला अजिबात मान्य नाही, पेट्रोलच्या नळ्या जवळ असतात आणि मारलेलं तेल स्वतःच पेट घेतं. हीट गन वापरा, आणि तीही तेल पुसून घेतल्यावरच.

बारात काय आवडलं नाही ते पण लिहितो. डोक्यातली पिन नवीन असतानाच थोडी ढिली होती, जोर लावला की डोकं एका बाजूला झुकतं, त्यामुळे एक हात कायम गोटीवर दाबून ठेवावा लागतो. गोटी धरून ठेवणारी छोटी गोळी पण कमजोर आहे, वर करून काम करताना गोटी दोनदा तोंडाशेजारी पडली. हँडलला रबर नाही, तेलकट हाताने सरकतं, मी सायकलच्या हँडलची ग्रिप चढवली. आणि १८ इंच फिरवायला बोनेटखाली जागाच नसते, वरून हे काम होणारच नाही. पुढची बाजू जॅकवर उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवली, खालून १० इंची एक्स्टेन्शन (बार आणि गोटीच्या मधला जोडदांडा) लावून मग बार फिरला. एक्स्टेन्शन जितकं लांब तितकं ते जास्त पिळतं आणि डोलतं, म्हणून चालेल तेवढंच छोटं घ्या. आणि गाडी घोड्यांवर असताना बारावर लाथ मारायची नाही, स्वतःकडे ओढायचा, ढकलणं भागच असेल तर मूठ न वळता तळव्याने, म्हणजे अचानक सुटला तरी बोटं रेडिएटरच्या कडेला आपटत नाहीत. हो, आणि अल्टरनेटरचं काम म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, मागच्या जाड वायरमध्ये गाडी बंद असताना पण करंट असतो, बार तिकडे टेकला तर जाळ निघेल.

बारावर पाइप चढवून लांबी वाढवणारे बरेच जण आहेत. १/२ इंची ड्राइव्हचा चौकोन १२.७ मिलिमीटरचा असतो, त्याच्या ताकदीला हद्द आहे, पाइप लावायची वेळ येते तेव्हा ३/४ इंची ड्राइव्हची हत्यारं किंवा इम्पॅक्ट गन (ठोके देत बोल्ट फिरवणारं यंत्र) लागते. इम्पॅक्ट लावणार असाल तर काळ्या इम्पॅक्ट गोट्या घ्या, चकचकीत क्रोमच्या गोट्या फुटतात आणि तुकडे उडतात, डोळ्यावर चष्मा पाहिजेच.

बोल्ट परत बसवताना जुना वापरला नाही, त्याच ग्रेडचा नवीन घेतला, हेडवर ८.८ बघून. आट्यांना आणि मधल्या दांड्याला अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट पुन्हा जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट, हलकं लावलं. हे लावलं की आवळताना जोर थोडा कमी ठेवा, कारण आटे गुळगुळीत झाल्याने त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. आणि आवळायला ब्रेकर बार वापरू नका, किती आवळला ते त्याच्यावर कळत नाही, त्याला टॉर्क रेंच, म्हणजे आवळायचा जोर दाखवणारा पाना.

पाचपैकी चार स्टार, एक त्या पिनेचा आणि गोळीचा कापला. दुकानात घेताना डोकं हातात धरून हलवून बघा, आडवं खुळखुळतंय का, आणि गोटी लावून बार उलटा धरा, गोटी आपोआप पडली तर तो ठेवून दुसरा मागा. दुकानदार पेटीतून चारपाच काढून दाखवतात, लाजू नका. २४ इंची पण मिळतो, पण तो चाकाच्या नटांना आणि सस्पेन्शनला, इंजिनाच्या आसपास १८ इंचीच फिरतो.