ट्रान्सप्लांटनंतरचं डे-केअर: पाचापैकी साडेतीन तारे

बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिटबद्दल लोक लिहितात ते बहुतेक खोलीबद्दल आणि डॉक्टरांबद्दल. काउंट (रक्तपेशींचे आकडे) वर आले, घरी गेलो, सगळ्यांचे आभार. मी लिहितोय ते त्यानंतरच्या डे-केअरबद्दल, कारण माझे काउंट वर आले आणि पुन्हा खाली बसले. ज्यांचं सुरळीत होतं त्यांचा या विभागाशी कामापुरता संबंध येतो. माझा तिथे मुक्कामच होता म्हणा ना.

ल्युकेमिया, डोनर माझी ताई, एचएलए (पेशींवरची ओळखखूण) पूर्ण जुळलेलं. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेळेवर उठले, प्लेटलेट कशाबशा २० हजारांच्या पुढे सरकल्या, आणि महिना उलटल्यावर सगळंच घसरलं. प्लेटलेट ११ हजार, हिमोग्लोबिन ७ च्या आसपास, न्यूट्रोफिल ५०० च्या खाली. घरात प्रत्येकाने मनातल्या मनात दोनच शक्यता धरल्या होत्या: आजार उलटला, नाहीतर शरीराने ताईच्या पेशी नाकारल्या.

आमच्या डॉक्टर मॅडमनी तपासण्या हातात येईपर्यंत यातलं एकही वाक्य उच्चारलं नाही, आणि उगाच धीरही दिला नाही. बोन मॅरो (अस्थिमज्जेची तपासणी) केली. त्यात आजाराच्या पेशी नव्हत्या, पण रक्त बनवणाऱ्या पेशीही विरळच; बराचसा भाग चरबीचा. मग कायमेरिझम, म्हणजे कोणाच्या पेशी किती याचा रिपोर्ट आला. मॅरोत ९८ टक्के पेशी ताईच्याच. म्हणजे नाकारलंही नाही आणि आजारही नाही. याला पुअर ग्राफ्ट फंक्शन म्हणतात. "कामगार सगळे ताईचेच आहेत, कारखाना मात्र अर्ध्या पाळीतच चालतोय," मॅडम म्हणाल्या. हे ऐकून आनंद मानावा की काय करावं ते कळेना, पण निदान काय झालंय ते कळलं.

या विभागाला मी तारे देतोय ते मुख्यतः पुढच्या कामासाठी. "वाट बघू" म्हणून घरी पाठवणं सोपं होतं. त्यांनी कारणं एकेक करून खणली. सीएमव्हीचा विषाणू रक्तात वाढला होता. तो मॅरो दाबतो, आणि त्यावरची व्हॅलगॅनसायक्लोव्हिरची गोळीही मॅरोच दाबते. तिच्या जागी फॉस्कार्नेट आलं, जे मॅरोला सोडतं पण किडनीला धरतं. त्यामुळे प्रत्येक डोसबरोबर सलाइन आणि क्रिएटिनिनवर डोळा. न्यूमोनियापासून बचावाची को-ट्रायमॉक्झाझोलची गोळी बंद करून पेंटामिडीनची वाफ सुरू केली. प्लीहा वाढलीय का म्हणून सोनोग्राफी, लोह साठलंय का म्हणून फेरिटिन, शिवाय बी-१२. ट्रान्सप्लांटच्या वेळची फाइल काढून सीडी-३४ पेशी (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) किती मिळाल्या होत्या तेही पाहिलं: किलोमागे २४ लाख. २० लाखांच्या खाली धोका जास्त मानतात, म्हणजे मी काठावरचा. हे सगळं एका कागदावर लिहून दिलं: कशाचा संशय, काय बदललं, पुन्हा कधी बघायचं. इतक्या फाइली सांभाळल्या, पण इतका कामाचा कागद दुसरा नाही.

सिस्टर लोकांबद्दल वेगळं लिहायला हवं. प्लेटलेटची पिशवी आली की आमच्या सिस्टर आधी ती उजेडासमोर धरून हलकेच हलवायच्या. चांगल्या प्लेटलेट असतील तर आत धुरासारख्या लहरी फिरतात. मग रेडिएशनचा स्टिकर बघायच्या, कारण ट्रान्सप्लांटवाल्याला रक्त इरॅडिएट, म्हणजे किरणांचा मारा केलेलंच लागतं. नाहीतर पिशवीतल्या दात्याच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) माझ्यावरच उठू शकतात. रक्तगटाचा घोळ आणखी वेगळा. मी ओ, ताई बी. या मधल्या काळात मला लाल पेशी ओ च्या आणि प्लेटलेट शक्यतो बी च्या. सिस्टर हे दर वेळी रक्तपेढीला फोनवर ठासून सांगायच्या. समोरचा वैतागला तरी चालेल, असा त्यांचा खाक्या.

फार्मसीतल्या मुलीनेही मन लावून समजावलं. एल्ट्रोम्बोपॅग ही प्लेटलेट वाढवायची गोळी रिकाम्या पोटी. दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या किमान दोन तास आधी, नाहीतर चार तासांनंतर, कारण ते एकत्र गेले तर औषध अंगी लागतच नाही. या गोळीने सीरमला तांबूस रंग येऊ शकतो आणि बिलिरुबिनचा आकडा फसवा येतो, म्हणून लॅबच्या फॉर्मवर तिने स्वतः शेरा मारून दिला. जी-सीएसएफ या पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनने पांढऱ्या पेशी उड्या मारायच्या आणि इंजेक्शन थांबलं की पुन्हा जमिनीवर. हे होणार, हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता दीड तारा कुठे गेला ते. डे-केअर संध्याकाळी बंद होतं आणि त्यानंतर दिलेला नंबर म्हणजे सामान्य स्वागतकक्षाचा. एका रात्री मला ३८.४ ताप आला. न्यूट्रोफिल इतके कमी असताना ताप म्हणजे तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे, हे त्यांच्याच माहितीपत्रकात छापलंय. इमर्जन्सीत मला खोकणाऱ्या लोकांच्या रांगेत बसवलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पुअर ग्राफ्ट फंक्शन हा शब्द नवा होता, ते "ट्रान्सप्लांट फेल झालंय का?" असं बायकोसमोर विचारून मोकळे झाले. रक्त मागवताना इरॅडिएटेड लिहायचं राहिलं, ते माझ्या पाकिटातल्या कार्डामुळे लक्षात आलं. दिवसा इतकं चोख काम करणाऱ्या विभागाने रात्री पेशंट असा वाऱ्यावर सोडावा, हे मला पटत नाही.

औषधांनी काउंट हलेनात, तेव्हा स्टेम सेल बूस्टचा, म्हणजे ताईच्या मूळ पेशींचा आणखी एक डोस द्यायचा निर्णय झाला. ताईला पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा काही तास रक्तातून पेशी काढायच्या मशीनवर. त्या पेशींतून चुंबकी मण्यांनी सीडी-३४ वेगळ्या काढल्या, म्हणजे टी-पेशी जवळपास गेल्या आणि जीव्हीएचडीचा (दात्याच्या पेशींनी माझ्या शरीरावर हल्ला करण्याचा) धोका घटला. मला नव्याने केमो नाही. पिशवी लागली आणि थोड्या वेळात संपलीसुद्धा. दुसरं ट्रान्सप्लांट नको, हे का, तेही मॅडमनी ताईला आणि मला वेगवेगळं बसवून सांगितलं. डोनरला वेगळा वेळ देणं मला फार आवडलं. ताईला नाही म्हणायची मोकळीक खरोखर होती.

बूस्टने लगेच काही होत नाही, आठवडे जातात. सध्या प्लेटलेट ४१ हजार, बाहेरून न देता. लाल रक्त अजून मधूनमधून लागतं.

युनिट निवडताना सीडी-३४ वेगळ्या काढायची सोय तिथेच आहे की पेशी बाहेर पाठवतात, आणि रात्री फोन नेमका कोण उचलतं, हे दोन प्रश्न आधी विचारा. इथल्या रात्रीच्या नंबरबद्दल मी लेखी तक्रार दिलीय. तो बदलला तर अर्धा तारा वाढवीन.