इंदूरहून काइटबोर्डिंग: कोणता तलाव आणि त्याचा कोणता काठ?

एकाच तलावाचा एक काठ नवशिक्याला चालतो आणि त्याच तासाला समोरचा काठ जाणत्यानेही टाळावा असा असतो. काइटबोर्डिंगमध्ये, म्हणजे पायाखाली बोर्ड घेऊन दोऱ्यांना बांधलेल्या मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने पाण्यावर सरकण्याच्या खेळात, हे रोजचंच आहे. म्हणून इंदूरच्या आसपासच्या जलाशयांची तुलना करताना पाणी किती मोठं आणि रस्ता किती चांगला हे नंतर बघायचं. आधी वारा कुठून येतो आणि तो त्या काठाला कोणत्या कोनात लागतो ते बघायचं.

जवळचे पर्याय आधी बाजूला काढू. सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्ही जागा २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. यशवंतसागरचं पाणी शहराला पिण्यासाठी जातं, शिवाय तिथे सारस राहतात. डोक्यावरून फिरणारं १२ चौरस मीटरचं काइट पक्ष्यांना शिकारी पक्ष्यासारखं दिसतं आणि अख्खा थवा उठतो. वारा कितीही छान असला तरी या दोन तलावांवर काइट उघडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बिलावलीभोवती झाडं, घरं, तारा आहेत. चोरलला डोंगरांचा वेढा आहे, त्यामुळे तिथे वारा गरगरत खाली उतरतो.

लहान तलाव का नको, याचा हिशेब सोपा आहे. अडथळ्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत त्याच्या मागचा वारा फाटलेला असतो आणि वीसपटीपर्यंत त्याचा परिणाम जाणवतो. म्हणजे १२ मीटर उंच झाडांची रांग असेल तर पुढचे १२० मीटर काइट अचानक ढिलं पडणार, लगेच हिसका देणार, आणि २४० मीटरपर्यंत वाऱ्याचा भरवसा नाही. वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूलाही किमान १०० मीटर मोकळी जागा लागते, कारण दोऱ्याच २० ते २४ मीटरच्या असतात. ४०० मीटर रुंद तलावातून हे दोन्ही वजा केल्यावर खेळायला उरतं काय? पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) भिंतीजवळ तर आणखी एक धोका आहे. भिंतीवर आदळून वारा वर चढतो आणि स्वारालाही उचलतो.

उरतात दोन मोठे जलाशय: नर्मदेवरचा इंदिरा सागर आणि चंबळेवरचा गांधी सागर. इंदिरा सागरवरचं हनुवंतिया इंदूरहून सुमारे १३० किलोमीटर आहे, गांधी सागर त्याच्या जवळपास दुप्पट.

दोघांची तुलना करण्याआधी कोन मोजायची रीत पक्की हवी. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, हवामानाच्या अॅपवर २७० अंश. उपग्रह नकाशावर काठाची रेघ ओढा आणि वाऱ्याचा बाण त्यावर ठेवा. बाण पाण्यावरून जमिनीकडे ३० ते ६० अंशांत तिरका येत असेल तर तो सर्वांत चांगला, कारण बोर्ड सुटला किंवा काइट पाण्यात पडलं तरी तुम्ही काठालाच लागता. काठाला समांतर वाराही चालतो. नव्वद अंशांत सरळ जमिनीकडे येणारा वारा नवशिक्याला पाण्यात आत जाऊच देत नाही, आणि चूक झाली की दगडांवर नेतो. जमिनीकडून पाण्याकडे जाणारा वारा, थोडा तिरका असला तरी, नाही म्हणजे नाही. काठावर तो मंद वाटतो, कारण तुम्ही झाडांच्या आडोशाला उभे असता. दोनशे मीटर आत गेल्यावर खरा वारा लागतो आणि परत यायला फक्त समोरचा काठ उरतो, तोही काही किलोमीटरवर.

आता इंदिरा सागर. त्याचा मुख्य पसारा ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहे. विंध्य आणि सातपुड्यामधली नर्मदेची दरीही तशीच, आणि ती वाऱ्याला आपल्या रेषेत वळवते. त्यामुळे पश्चिमेचा वारा पाण्याच्या लांबीवरून वाहतो आणि दोन्ही मुख्य काठांना जवळपास समांतर पडतो. खरा फरक पुढच्या वीस-तीस अंशांत आहे. खंडवा-मुंदीकडून येणारा रस्ता दक्षिण काठावर, हनुवंतियाला उतरतो. एप्रिल-मेमध्ये वारा पश्चिम-वायव्येचा, म्हणजे २९० ते ३०० अंशांचा असला की या काठाला तो पाण्यावरून तिरका येतो. हे चांगलं. पावसाळी वारा नैऋत्येकडे, २४५ अंशांपर्यंत सरकला की हाच काठ वाईट ठरतो, कारण तो तुम्हाला हळूहळू आत ओढतो. तेव्हा योग्य कोन उत्तर काठाला मिळतो, पण देवास जिल्ह्यातल्या त्या बाजूला जंगलपट्टा आहे आणि गाडी पाण्यापर्यंत जाईल अशा जागा कमी. मग नैऋत्येच्या वाऱ्यात हनुवंतियाच्या आसपास पश्चिमेकडे तोंड असलेली भूशिराची बाजू शोधायची, नाहीतर काइट पिशवीतच ठेवायचं. धक्का, क्रूझ आणि पर्यटकांच्या बोटी यांच्यापासून लांब राहा आणि तिथल्या जलक्रीडा व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्या.

गांधी सागर ढोबळमानाने उत्तर-दक्षिण पसरलेला आहे, त्यामुळे पश्चिमेचा वारा त्याला आडवा छेदतो. रामपुरा पश्चिम काठावर आहे, म्हणजे वाऱ्याच्या ऐन हंगामात, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, तिथला वारा जमिनीकडून पाण्याकडे. गाव सोयीचं आहे, काठ देखणा आहे, पण पश्चिमेच्या वाऱ्यात ही जागा बाद. भानपुरा, जिथे यशवंतराव होळकरांची छत्री आहे, त्या पूर्वेच्या बाजूला वारा सरळ अंगावर येतो. कित्येक किलोमीटर पाणी ओलांडून आल्यामुळे तो एकसारखा असतो, ही मोठी जमेची बाजू. उन्हाळ्यात पाणी उतरून मोकळी सपाट जमीन उघडी पडते, तेव्हा वाऱ्याविरुद्ध तिरकं पुढे सरकता येणाऱ्याला हा काठ इंदिरा सागरपेक्षा जास्त आनंद देईल. शिकणाऱ्याने इथे यायचंच असेल तर काठ जिथे तिरका वळतो अशी खाडी हवी. इथे मगरी आहेत, हे विसरू नका. मगरीची पिल्लं साधारण मे-जूनमध्ये अंड्यातून बाहेर येतात आणि मादी काठ राखते. म्हणजे आपला हंगाम तोच तिचाही. उथळ, गवताळ, शांत खाड्या टाळा, पहाटे आणि संध्याकाळी पाण्यात उतरू नका, आणि जागा कोळ्यांना विचारूनच ठरवा. उत्तरेकडचा भाग अभयारण्य आहे.

दोन्हीकडे एक अडचण सारखीच आहे. वारा भरात येतो तेव्हा पाणी तळाला असतं, आणि पाणी काठोकाठ भरतं त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा पडलेला. इंदिरा सागरची पूर्ण पातळी २६२.१३ मीटर आहे. त्याखाली पाणी उतरत जातं तसे झाडांचे बुंधे, विजेचे खांब, पडक्या भिंती पृष्ठभागाजवळ येतात. २००४ मध्ये या जलाशयात हरसूद हे गाव बुडालं, त्या बाजूला मेमध्ये अजिबात जाऊ नये. उतरण्याआधी बांबू घेऊन किमान ५० मीटर आतपर्यंत चालत तळ तपासा. काळ्या मातीच्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुतत असेल तर तिथून काइट उडवू नका, कारण हिसका आल्यावर दोन पावलं पुढे धावता आलं पाहिजे. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. या काळात जाळी खूप कमी असतात, पण नसतातच असं धरू नका. दोऱ्या कापायची सुरी हार्नेसवर (काइट ज्याला जोडतात त्या कमरेच्या पट्ट्यावर) कायम हवी.

काइटच्या मापासाठी ढोबळ सूत्र असं: वजन किलोमध्ये गुणिले २.२, भागिले वारा नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). ७५ किलोच्या माणसाला १६ नॉटमध्ये १० चौरस मीटर पुरतं. मेच्या ४० अंशांच्या हवेत आणि या उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे १५ नॉटचा वारा १४ सारखा ओढतो. म्हणून मोठं काइट घ्यावंसं वाटतं. घेऊ नका. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, १५ वरून २५ नॉट झाले की जवळपास पावणेतीनपट, आणि तापलेल्या जमिनीवरून येणारे दुपारचे झोत एवढे सहज असतात. वारामापक हातात धरून दहा मिनिटं मोजा. सर्वांत मंद वारा आणि झोत यांत दहा नॉटपेक्षा जास्त फरक असेल तर त्या दिवशी उतरू नये. तापलेल्या दुपारपेक्षा चारनंतरचा वारा बहुतेकदा जास्त एकसारखा असतो.

वळवाच्या ढगाचं मात्र कुठलंच गणित नाही. पश्चिमेला ऐरणीसारखा पसरलेला माथा दिसला, गार झुळूक आली किंवा वारा अचानक पडला की लगेच काइट उतरवा, दोऱ्या बारवर (हातात धरायच्या दांड्यावर) गुंडाळा, हवा काढा. ढगाखालून सुटलेला वारा पाऊस पोचण्याआधीच येतो, दिशा उलटी करू शकतो आणि मिनिटाभरात दुप्पट होतो. मघाशी सुरक्षित असलेला काठ तेव्हा पाण्याकडे ढकलणारा झालेला असतो. काइट झेलायला शिकलेला एक माणूस काठावर नसेल, तर १५ मेनंतर या दोन्ही जलाशयांवर दुपारी उतरू नका.