उकळतं पाणी की ऑटोक्लेव्ह? खेड्यातल्या दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करण्यासाठी तुलना

पाणी उकळलं की सगळे जंतू मेले, हा समज फार खोल रुजलाय आणि तो अर्धाच खरा आहे. १०० अंश सेल्सिअसला २० मिनिटं उकळल्यावर बहुतेक जीवाणू-विषाणू मरतात, पण धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, तग धरू शकतात. उंच डोंगराळ भागात तर पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं. शिवाय भांड्यातून काढलेला चिमटा ओला असतो. तो लगेच वापरला तर ठीक, साठवून ठेवता येत नाही.

ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या घट्ट बंद भांड्यात, दाबाखालची वाफ १२१ अंशांपर्यंत जाते आणि वरचे हे २१ अंशच बीजाणूंचा निकाल लावतात. कापडात गुंडाळलेल्या साहित्याला साधारण ३० मिनिटं लागतात. गुंडाळी कोरडी आणि बंद राहिली, तर आतली कात्री दुसऱ्या दिवशीही निर्धास्त वापरता येते. अपरात्री जखमी माणूस दारात आला की याचं मोल कळतं.

विजेची अडचण असेल, तर शेगडीवर चालणारे, प्रेशर कुकरसारखे ऑटोक्लेव्हही मिळतात. खर्च जास्त, व्हॉल्व्ह आणि रबरी रिंग सांभाळावी लागते, हे खरं. आतली हवा नीट बाहेर गेली नाही, तर काटा दाब दाखवतो पण तापमान गाठलं जात नाही. गुंडाळीवर लावलेल्या, तापल्यावर रंग बदलणाऱ्या इंडिकेटर टेपचे पट्टे काळे झाले, तरी त्यावरून फक्त गुंडाळी तापली एवढंच कळतं. म्हणून अधूनमधून बीजाणू चाचणी, म्हणजे आत ठेवलेले बीजाणू खरंच मरतात का हे पाहणं, हवंच.

रक्त घासून काढणं दोन्हींत आधी येतं. टाके आणि प्रसूतीसाठी मी ऑटोक्लेव्हच निवडेन. उकळणं फक्त अडीनडीला.