ॲक्टिव्ह डिरेक्टरी: एक द्राक्ष हंगाम वापरल्यानंतर

ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे कंपनीतली खाती, कॉम्प्युटर आणि त्यांचे नियम एकाच जागेवरून सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सोय, आणि तिच्याखाली येणारा सगळा गट म्हणजे डोमेन. विंडोज सर्व्हर २०२२ वर डोमेन उभं केलं, त्यावर आता एक अख्खा हंगाम पार पडला. नाशिकला ऑफिस, पिंपळगाव बसवंतला पॅकहाऊस, दोन्हीकडे मिळून पन्नासेक कॉम्प्युटर. त्याआधी वर्कग्रुप होता, म्हणजे मशीन वेगवेगळ्या आणि पासवर्ड सगळीकडे एकच.

डोमेनचं मूळ पासवर्ड धोरण कागदावर कडक दिसतं: किमान ७ अक्षरं, कॉम्प्लेक्सिटी (कॅपिटल, स्मॉल, आकडे, चिन्हं यांपैकी किमान तीन प्रकार) चालू, ४२ दिवसांनी बदल, मागचे २४ पासवर्ड पुन्हा चालत नाहीत. प्रत्यक्षात कॅपिटल एनने सुरू होणारं नाशिक, पुढे ॲट आणि एक-दोन-तीन एवढं टाकलं की सगळ्या कसोट्या पार. ४२ दिवसांनी तीनचा चार होतो. सर्व्हरच्या लेखी तो नवा पासवर्ड! अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच ठरावीक मुदतीनंतर बदलायची सक्ती नको म्हटलं. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये आपल्या सिक्युरिटी बेसलाइनमधून, म्हणजे शिफारशीच्या सेटिंग्जमधून, ती काढली. नव्या डोमेनमध्ये मात्र ४२ चा आकडा तसाच येतो. आम्ही लांबी १४ केली आणि मुदत काढून टाकली. अकाउंट्सच्या ताई म्हणाल्या, "एवढं कोण टाइप करणार?" त्यांना सांगितलं, घरातल्या तीन वस्तूंची नावं सलग लिहा, पहिलं अक्षर कॅपिटल आणि शेवटी एक आकडा. आता कीबोर्डखालच्या चिठ्ठ्या कमी दिसतात. संपल्यात असं म्हणणार नाही.

एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. ॲडमिनसाठी वेगळा नियम हवा म्हणून ओयूला (डोमेनमधला खात्यांचा-कॉम्प्युटरांचा कप्पा) वेगळा जीपीओ (नियमांचा संच) जोडला, तर त्यातले पासवर्डचे नियम त्या ओयूमधल्या कॉम्प्युटरच्या लोकल खात्यांना लागतात, डोमेनच्या यूझरना नाही. त्यासाठी फाइन-ग्रेन्ड पासवर्ड पॉलिसी आहे, विंडोज सर्व्हर २००८ पासून. ती यूझरला किंवा ग्लोबल सिक्युरिटी ग्रुपला लावायची, ओयूला लागत नाही. दोन पॉलिसी एकावर आल्या तर लहान प्रेसिडन्स (प्राधान्य) आकड्याची जिंकते.

लॉकआउट, म्हणजे चुकीचे पासवर्ड टाकत राहिलं की खातं काही वेळ अडवणं, मुळात बंदच असतं. आम्ही दहा चुकांनंतर पंधरा मिनिटं ठेवलं. खातं सारखं लॉक होत असेल तर पीडीसी एम्युलेटरवर (लॉकआउटचा हिशेब ठेवणारा डोमेनचा सर्व्हर) नोंदींमध्ये इव्हेंट ४७४० बघा, चुकीचा पासवर्ड कुठल्या कॉम्प्युटरवरून येतोय ते नाव तिथे मिळतं. आमच्याकडे बहुतेक वेळा वजनकाट्याचा पीसी निघाला. पासवर्ड बदलण्याआधीचं रिमोट सेशन तिथे कुणीतरी तसंच सोडून गेलेलं असतं.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती साधी सोय: खात्याची शेवटची तारीख. डेटा एंट्रीची मुलं हंगामापुरती येतात. खातं उघडतानाच एप्रिलअखेरची तारीख टाकली की नंतर आठवण ठेवावी लागत नाही. फक्त, आधीच लॉगिन असलेल्याला ती तिथल्या तिथे बाहेर काढत नाही.

कॉम्प्युटरांच्या बाजूने विंडोज लॅप्सला पूर्ण गुण. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच आलं. चालू केलं की प्रत्येक मशीनच्या लोकल ॲडमिनला वेगळा पासवर्ड मिळतो, दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो आणि परवानगी असलेल्यालाच वाचता येतो. जीपीओचे बाकीचे बदल पोचायला मात्र धीर धरा: ९० मिनिटं, वर अर्ध्या तासापर्यंतचा फरक. घाई असेल तर त्या मशीनवर जीपीअपडेट ही कमांड.

खर्चाचं बोलायचं तर स्वस्तात मिळालेले होम आवृत्तीचे लॅपटॉप डोमेनला जोडता येत नाहीत, प्रो घ्यावंच लागतं. शिफ्टमध्ये एकाच पीसीवर तिघे बसत असतील तर कॅल (सर्व्हर वापरायचा परवाना) यूझरचं न घेता डिव्हाइसचं घ्या. जुन्या मशीनची सीमॉस बॅटरीही बदलून टाका. लाइट गेली की घड्याळ मागे जातं, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक कर्बेरॉसला, म्हणजे डोमेनमध्ये ओळख पटवण्याच्या पद्धतीला, चालत नाही.

दहा-बारा मशीन आणि सगळं काम क्लाउडवर, असं असेल तर या वाटेला जाऊ नका, एन्ट्रा आयडी (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची खात्यांची सेवा) पुरेल. आमचा खरा त्रास पिंपळगावची लाइन तुटली की होतो. नाशिकहून रीसेट केलेला पासवर्ड तिथल्या लॅपटॉपपर्यंत पोचत नाही, तो जुन्यावरच उघडतो, आणि कधीच लॉगिन न केलेल्या नव्या मुलाला तर बसताच येत नाही. म्हणून पुढच्या हंगामाआधी तिथे रीड-ओन्ली डोमेन कंट्रोलर (डोमेनची फक्त वाचता येणारी प्रत ठेवणारा सर्व्हर) बसवतोय. त्यावर पॅकहाऊसच्याच लोकांचे पासवर्ड साठवू द्यायचे, म्हणजे सर्व्हरची पेटी चोरीला गेली तरी तेवढेच बदलावे लागतील.