लिलावातील सदनिका आणि हक्क-शोध अहवाल: पुण्यातील एका वकील कार्यालयाच्या सेवेचे परीक्षण

बँकेने जप्त केलेली सदनिका लिलावात घ्यावी, असा विचार आम्ही गेल्या वर्षी केला, तेव्हा बयाणा भरण्यापूर्वी मालकीहक्काची तपासणी करून घेण्यासाठी पुण्यातील एका वकीलबाईंच्या कार्यालयाकडे गेलो. तीस वर्षांचा शोध, कर्जाच्या कागदांची छाननी आणि लेखी अभिप्राय यांसाठी अठरा हजार रुपये फी ठरली. एका सदनिकेसाठी म्हणून घेतलेली ही सेवा शेवटी दोन सदनिकांसाठी घ्यावी लागली, आणि तसे का झाले यातच या कार्यालयाचे बरेचसे गुण दिसतात.

पहिल्याच भेटीत वकीलबाईंनी एक गैरसमज दूर केला. आपण बँकेत ‘फोरक्लोजर’ हा शब्द मुदतीपूर्वी कर्ज फेडण्यासाठी ऐकतो. कायद्यातील फोरक्लोजर, म्हणजे पुरोबंध, मात्र अगदी वेगळा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार पुरोबंधाच्या हुकूमनाम्याने गहाण ठेवणाऱ्याचा गहाण सोडवण्याचा हक्क न्यायालय कायमचा बंद करते, आणि हा मार्ग सशर्त विक्रीच्या गहाणासारख्या मोजक्याच प्रकारांत खुला असतो. गृहकर्जाच्या थकबाकीत बँक जे करते ते २००२ च्या सरफेसी या बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखाली करते. तिथे बँक मालक होतच नाही. साठ दिवसांची नोटीस देऊन ती ताबा घेते आणि मालमत्ता विकते. विक्री पूर्ण होईपर्यंत मालकी कर्जदाराचीच राहते, आणि विक्रीनंतर खरेदीदाराकडे जी येते ती जणू मालकानेच हस्तांतरित केली असावी अशा स्वरूपात येते. म्हणजे कर्जदाराने जेवढे गहाण ठेवले होते, तेवढेच हाती लागते. लिलाव झाला की हक्क आपोआप धुऊन निघतो, ही समजूत लिलावाला जाणाऱ्यांत फार पसरलेली आहे आणि आमचीही तीच होती.

पहिली सदनिका चिंचवडमधील, राखीव किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी. कार्यालयाने इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातील दस्ताचे सारांश-उतारे, काढले, तर २०११ च्या खरेदीखतात पती आणि पत्नी असे दोन खरेदीदार होते. महाराष्ट्रात २०१३ पासून मूळ दस्तऐवज बँकेत ठेवून केलेल्या गहाणाची सूचना नोंदणी कार्यालयात दाखल करावी लागते. ती सूचना या कार्यालयाने वेगळी शोधली, आणि त्यात फक्त पतीचे नाव निघाले. बँकेच्या विक्री नोटिशीत मात्र ‘कर्जदाराची संपूर्ण सदनिका’ असेच छापलेले होते. पत्नीने आपला हिस्सा गहाणच ठेवला नसेल, तर बँक तो विकू शकत नाही, आणि आपण पूर्ण रक्कम भरून अर्ध्या घराचे मालक आणि एका दाव्याचे पक्षकार होऊ, असे अहवालात चार ओळींत लिहिले होते. बँकेकडे विचारणा केली तेव्हा ‘आमचे कागद नियमानुसार आहेत’ एवढेच उत्तर आले. आम्ही बयाणा भरला नाही. या एका निष्कर्षासाठी अठरा हजार रुपये मला स्वस्त वाटतात.

दुसऱ्या सदनिकेच्या अहवालात कर्जदाराच्या हक्कांचा भाग सर्वांत बारकाईने लिहिलेला होता. सरफेसी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्जदाराला पैसे भरून मालमत्ता सोडवता येते ती लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच, आणि सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात हे स्पष्ट केले. त्या प्रकरणात लिलावात १०५ कोटी ५ लाखांची बोली लागली होती. नंतर कर्जदाराने १२९ कोटी देऊ केले आणि बँकेने ते मान्यही केले, तरीही न्यायालयाने लिलावातील खरेदीदाराचीच बाजू घेतली. मात्र कर्जवसुली न्यायाधिकरणात बँकेच्या कारवाईलाच पंचेचाळीस दिवसांत आव्हान देण्याचा मार्ग कर्जदाराला मोकळा असतो, आणि कारवाई बेकायदा ठरली तर ताबा परत देण्याचा आदेश होऊ शकतो. म्हणून कार्यालयाने कर्जदाराच्या नावाने न्यायाधिकरणातील प्रकरणे तीनदा पाहिली, शेवटची तपासणी लिलावाच्या आदल्या संध्याकाळी. ती करा असे आम्ही सांगितले नव्हते.

कर्जदाराचे दुकान असल्याने विक्रीकराच्या थकबाकीची शंका होती. त्यावर सरसाईच्या, म्हणजे मालमत्तांवरील कर्जबोज्यांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदणीत बँकेचा बोजा नोंदलेला आहे की नाही हे पाहून, नोंदलेल्या बँकेला करखात्याच्या देण्यांपेक्षा अग्रक्रम मिळतो असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा २०२२ चा निर्णय अहवालात जोडला होता. शिवाय इमारतीच्या जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे मालकी सोसायटीच्या नावे करून देणे, अजून झालेले नाही, त्यामुळे सदनिका मिळाली तरी जमिनीच्या मालकीचा प्रश्न इतर सभासदांबरोबर तुमच्याही वाट्याला येईल, हे सरळ लिहिले होते.

आता उणिवा. अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘सोसायटी, वीज व महापालिका यांच्या थकबाकीची खात्री खरेदीदाराने स्वतः करावी’ असे एक वाक्य आहे. एवढ्या काळजीपूर्वक लिहिलेल्या अहवालात ते अपुरे वाटते. ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ या अटीवर झालेल्या विक्रीत जुन्या वीजबिलाची वसुली नव्या मालकाकडून नियमांच्या आधारे करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये के. सी. निनान प्रकरणात म्हटले आहे. मिळकतकराचा तर मालमत्तेवरच प्रथम बोजा असतो. विक्री नोटिशीत बँकेला फक्त ‘माहीत असलेले’ बोजे सांगायचे असतात, आणि आमच्या बँकेला सोसायटीचे काहीच माहीत नव्हते. माझ्या पत्नीने सचिवांची भेट घेतली तेव्हा व्याजासह दोन लाख ऐंशी हजारांची देखभाल थकबाकी आणि वाहनतळाच्या जागेबद्दलचा वाद, दोन्ही बाहेर आले. बोली ठरवताना हा आकडा आमच्या हाती होता तो तिच्यामुळे, कार्यालयामुळे नव्हे. थोडी फी वाढवून कारकुनाला सोसायटीत आणि करसंकलन कार्यालयात पाठवणे त्यांना अवघड नसावे.

दुसरी तक्रार ताब्याबद्दलची आहे. बँकेकडे फक्त प्रतीकात्मक ताबा होता, म्हणजे दारावर नोटीस चिकटवलेली आणि आत माणसे राहत असलेली. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो हे अहवालात होते, पण आत राहणारे कर्जदाराचे नातेवाईक आहेत की भाडेकरू, हे तपासलेले नव्हते. गहाणाच्या आधीपासूनचा खरा भाडेकरू असेल तर त्याला नुसत्या सरफेसी कायद्याच्या जोरावर बाहेर काढता येत नाही. आमच्या सुदैवाने ते नातेवाईक निघाले, तरी ताबा मिळायला सात महिने गेले.

लिलावानंतरचे काम चोख झाले. बोलीच्या एक चतुर्थांश रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत आणि उरलेली विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत भरायची असते, अन्यथा भरलेले पैसे जप्त होतात. या तारखांची लेखी आठवण दोनदा आली. विक्री प्रमाणपत्राच्या मसुद्यात सदनिकेचा क्रमांक चुकला होता, तो त्यांनीच पकडला. प्राधिकृत अधिकाऱ्याने दिलेल्या अशा प्रमाणपत्राची नोंदणी सक्तीची नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले असले, तरी उद्या विकताना किंवा कर्ज घेताना समोरचा माणूस इंडेक्स टूच मागेल, म्हणून मुद्रांक शुल्क भरून नोंदणी करून घ्या, असा त्यांचा सल्ला होता आणि आम्ही तो मानला.

पाचपैकी चार गुण देतो. कागदांवरच्या हक्काची तपासणी यांच्याकडून करून घ्यावी. सोसायटीचे कार्यालय, वीजमीटर आणि घरातील माणसे मात्र आपण स्वतः जाऊन पाहावीत. दुसऱ्या अहवालाची फी त्यांनी निम्मीच घेतली. सोसायटीच्या भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) आमचे नाव अजून चढायचे आहे, कारण थकबाकीवरील व्याजाचा हिशेब सोसायटीने तिसऱ्यांदा बदलला आहे. त्याबद्दलचे पत्र वकीलबाईंनी मागच्याच आठवड्यात वेगळी फी न घेता लिहून दिले.