खाडीत सात महिने: १८ फुटी लाकडी होडी आणि ९.९ एचपीचं इंजिन

ऑक्टोबरअखेरपासून मेअखेरपर्यंत ही होडी दाभोळच्या खाडीत आठवड्यातून दोन-तीनदा, चार माणसं घेऊन चालली. लांबी १८ फूट, त्यातली पाण्याला टेकते ती १६. मागे टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं इंजिन. फायबरपेक्षा स्वस्त म्हणून घेणार असाल तर इतकंच: पैसे वाचतात, कष्ट वाचत नाहीत.

खरा घोळ पहिल्याच आठवड्यात होतो. पावसाळाभर शाकारून ठेवलेल्या होडीच्या फळ्या सुकून आकसलेल्या असतात. पाण्यात उतरवली की सांध्यांतून धारा लागतात आणि नवखा माणूस घाबरून फटींत कापूस ठासत सुटतो. तसं करू नका. फळी भिजली की फुगते. तिला जागाच ठेवली नाही तर कापूस बाहेर ढकलला जातो, नाहीतर खिळे ढिले होतात. होडी काठाशी बांधून दोन-तीन दिवस भिजू द्यायची आणि पाणी उपसत राहायचं. चौथ्या दिवशीही तासाला बादलीभर पाणी येत असेल, तरच तो सांधा खरवडून नवा कापूस भरायचा, वर राळ-तेलाचा लेप.

मोठ्या इंजिनाचा मोह नको. या लांबीची होडी ताशी १० किलोमीटरच्या आसपास अडते. त्यापुढे मागचा भाग बसतो, नाळ (पुढचं टोक) वर उठते आणि पेट्रोल जळत राहतं. अर्ध्या थ्रॉटलला तासाला अडीच लिटर, पूर्ण उघडल्यावर साडेचार. वेगात फरक जेमतेम दोन किलोमीटरचा. शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंतचा दांडा, मात्र मोजून घ्या: मागची फळी १५ इंच उंच असेल तर आखूड, २० असेल तर लांब. पंख्यावरची आडवी पट्टी बुडाच्या इंचभर खाली हवी, नाहीतर वळताना पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतंच गरजतं. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला २० मिलि, मापाने.

ओहोटीला उथळात चालवलं की गाळ इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपात शिरतो आणि त्यातल्या रबरी इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या चक्राची) पाती झिजतात. इथे सहाव्या महिन्यातच बदलावा लागला. इंजिनाच्या मागून पडणाऱ्या या पाण्याच्या बारीक धारेवर नजर ठेवा. अडखळली तर इंजिन बंद करून धारेच्या भोकात तार घाला; तरी धार येत नसेल तर वल्ही उचला. फेरीनंतर पिंपात गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवायचं. भरतीसाठी तिथीचा जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास. तास-अर्ध्या तासाचा फरक धरा.

चौघांना चार लाइफ जॅकेटं. यावर घासाघीस नको.

दर दीड महिन्याने, उधाणाच्या भरतीला होडी वर ओढून बूड खरवडा, सुकवा, रंग लावा. रंग उडालेल्या जागी सुरीचं टोक टोचून पाहा. लाकूड पोखरणारा किडा बाहेर टाचणीच्या टोकाएवढंच भोक ठेवतो; आत फळी बोटभर पोकळ झालेली असते.