ऑफिसचे कपडे: रेडीमेड घ्यावेत की शिवून?

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कंपनीत नवी नोकरी लागली की हा प्रश्न येतोच. रुजू व्हायला दोनच दिवस असतील तर कॉलेज रोडला रेडीमेड शर्ट बघा. अंगात घालून पाहता येतो, लगेच मिळतो. फक्त खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच यायला हवी. बाही, लांबी, कंबर अल्टर होते. खांदा उतरत असेल तर तो शर्ट घेऊच नका.

पँट मात्र शिवूनच घ्या, असं माझं ठाम मत आहे. मेन रोडवरून कापड आणा. ५८ इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) साधारण सव्वा मीटर पुरतं. कंबरेच्या मागच्या शिवणीत भरपूर माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) ठेवायला टेलरला आवर्जून सांगा. पुढे पोट सुटलं तरी उसवून पँट वाढवता येते; रेडीमेडमध्ये एवढी माया सहसा नसतेच. सुती कापड शिवायला टाकण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. दिवाळीच्या नि लग्नसराईच्या तोंडावर टेलरकडे गर्दी असते, तेव्हा कापड आधीच टाका.

नेव्ही आणि ग्रे पँट, वर पांढरे-आकाशी शर्ट, एवढ्यात आठवडा छान निघतो. ब्लेझरची घाई नको.